मद्यार्काचे अर्थकारण आणि जखडलेले यीस्ट

पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचा कार्यक्रम भारतात जानेवारी २००३ मध्ये नऊ राज्यांत व चार केंद्रशासित प्रदेशांत पाच टक्क्यांपासून सुरू झाला. जून २०२२ मध्ये हे प्रमाण दहा टक्क्यांवर पोहोचले आणि २०२५ मध्ये ते वीस टक्क्यांना भिडले. या काळात उसाचा भाव, उसाला लागणारे पाणी, साखरेची उपलब्धता, वाहनांच्या इंजिनांवर होणारा परिणाम अशा अनेक प्रश्नांची चर्चा झाली, आणि ती व्हावयास हवीच होती. परंतु ज्या टाकीत साखरेचे मद्यार्कात रूपांतर होते, त्या टाकीकडे मात्र फारसे कोणी पाहिले नाही. आसवनीच्या फाटकातून आत गेलेली मळी आणि टँकरमधून बाहेर पडलेले इथेनॉल एवढीच दोन टोके सामान्य वाचकाला ठाऊक असतात. मधल्या तीसएक तासांत जे घडते त्यावर आसवनीचा नफातोटा बऱ्याच अंशी अवलंबून असतो, आणि महाराष्ट्रात या आसवन्यांपैकी अनेक सहकारी असल्याने तो अखेर ऊस उत्पादकाच्या खात्यावर उतरतो.

या मधल्या टप्प्यात क्रांती घडवील, अशी ख्याती एका तंत्राला गेल्या चार-पाच दशकांत लाभली. किण्वन घडवून आणणाऱ्या यीस्टच्या पेशी द्रवात मोकळ्या न सोडता एखाद्या जेलीसारख्या पदार्थात जखडून ठेवावयाच्या आणि त्यांच्याकडून सलग काम करून घ्यावयाचे, असे हे तंत्र. जगभरच्या प्रयोगशाळांत ते उत्तम चालले. तरीही मळीपासून इंधनाचे मद्यार्क करणाऱ्या कारखान्यांत त्याचा प्रसार झाला नाही. असे का व्हावे, हा प्रश्न वरवर रसायनशास्त्राचा वाटला तरी त्याचे निम्मे उत्तर अर्थशास्त्रात आहे.

टाकीतील हिशेब

उसाच्या रसातून साखरेचे दाणे काढून घेतल्यावर जो काळा, दाट पाक उरतो ती मळी. ती पाण्याने पातळ करून टाकीत घेतात व तीत यीस्ट सोडतात. यीस्ट ही एकपेशीय बुरशी. साखर खाऊन ती मद्यार्क आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकते. गे-ल्युसॅक या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी या क्रियेचे समीकरण मांडले. त्यानुसार १८० किलो ग्लुकोजपासून ९२ किलो मद्यार्क व ८८ किलो वायू मिळावयास हवा. म्हणजे १०० किलो साखरेमागे सुमारे ५१ किलो, किंवा ६५ लिटरच्या आसपास मद्यार्क. ही झाली निसर्गाने घालून दिलेली कमाल मर्यादा. प्रत्यक्षात ती कधीच गाठली जात नाही. लुई पाश्चरने १८६० च्या सुमारास दाखवून दिले की, सुमारे ९५ टक्के साखरच या समीकरणाप्रमाणे वागते. उरलेली साखर ग्लिसरीन व इतर पदार्थ होण्यात आणि स्वतः यीस्टची वाढ होण्यात खर्च होते.

म्हणजे यीस्ट आपली मजुरी साखरेच्या रूपाने कापून घेते. जुन्या पद्धतीत प्रत्येक घाण्याला, म्हणजे प्रत्येक वेळी टाकी भरताना, यीस्टची नवी फौज उभी करावी लागते. ती वाढेपर्यंत साखर खाते. काम संपले की टाकी रिकामी होते आणि ही फौज सांडपाण्याबरोबर वाहून जाते. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच क्रम. घरातील गृहिणी कालच्या दह्यातील चमचाभर विरजण बाजूला काढून ठेवते, रोज नवे विरजण शेजारणीकडून मागत नाही. जुन्या आसवनीला एवढाही काटकसरीपणा साधलेला नव्हता. अर्थशास्त्राच्या परिभाषेत सांगावयाचे तर जी वस्तू यंत्रासारखे स्थिर भांडवल म्हणून वापरता आली असती, ती कच्च्या मालाप्रमाणे रोज खर्ची टाकली जात होती.

साबुदाण्यासारखे मणी

पेशी जखडण्याची कल्पना मुळात विकरांच्या, म्हणजे सजीवांतील रासायनिक क्रिया घडवून आणणाऱ्या प्रथिनांच्या अभ्यासातून आली. साखरेचे विघटन करणारे इन्व्हर्टेज हे विकर कोळशाच्या पुडीला चिकटून राहिले तरी आपले काम करीत राहते, असे नेल्सन व ग्रिफिन या दोघांनी १९१६ मध्ये नोंदविले. या निरीक्षणाचा औद्योगिक उपयोग होण्यास अर्धे शतक लागले. जपानमधील तानाबे सेइयाकू या कंपनीत इचिरो चिबाता व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये स्थिर केलेल्या विकराच्या साहाय्याने अमिनो आम्लांचे उत्पादन सुरू केले, आणि १९७३ मध्ये त्याच कंपनीने विकराऐवजी संपूर्ण जिवाणू पेशीच जखडून तेच काम मोठ्या प्रमाणावर करून दाखविले. १९७७ मध्ये ब्रिटनमधील किअर्स्टन व बक यांनी कॅल्शियम अल्जिनेटच्या जेलीत यीस्ट बंदिस्त करण्याची सोपी रीत प्रसिद्ध केली आणि मद्यार्काच्या क्षेत्रात या तंत्राचा बोलबाला झाला.

ही रीत महाविद्यालयीन प्रयोगशाळेतही करता येण्याजोगी आहे. तपकिरी समुद्रशैवालापासून मिळणारे सोडियम अल्जिनेट पाण्यात विरघळवून त्यात यीस्ट कालवतात आणि हे मिश्रण कॅल्शियम क्लोराइडच्या द्रावणात थेंबाथेंबाने सोडतात. थेंब पडताक्षणी सोडियमची जागा कॅल्शियम घेते, अल्जिनेटच्या साखळ्या एकमेकींना बांधल्या जातात आणि शिजलेल्या साबुदाण्यासारखे मणी तयार होतात. साखरेचा रेणू लहान असल्याने तो मण्यात शिरतो, मद्यार्कही तसाच बाहेर येतो. यीस्टची पेशी मात्र मोठी असल्याने आत अडकून राहते. असे मणी एका उभ्या नळकांड्यात भरावयाचे, खालून साखरेचे द्रावण सोडावयाचे आणि वरून मद्यार्कमिश्रित द्रव काढून घ्यावयाचा. टाकी भरणे, वाट पाहणे, रिकामी करणे, धुणे हे सारे टळते.

या तंत्राची खरी कसोटी जपानमध्ये लागली. क्योवा हाक्को या कंपनीच्या तंत्रज्ञांनी १९८२ पासून एकूण ४,००० लिटर क्षमतेच्या नळकांड्यांचा प्रायोगिक कारखाना चालविला. निर्जंतुक न केलेल्या, नुसत्या पातळ केलेल्या उसाच्या मळीपासून तेथे अर्ध्या वर्षाहून अधिक काळ सलग ८ ते १० टक्के मद्यार्काचा द्रव मिळत राहिला. १,००० लिटर क्षमतेमागे दिवसाला ६०० लिटर मद्यार्क, आणि तोही कमाल मर्यादेच्या ९५ टक्के उताऱ्याने, असा त्यांचा निष्कर्ष १९८४ मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्याकडेही या विषयाची दखल वेळीच घेतली गेली होती. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील संशोधकांनी १९८२ मध्ये जिलेटिनच्या सच्छिद्र जाळीत जखडलेल्या यीस्टपासून सलग मद्यार्क मिळविण्याचे प्रयोग प्रसिद्ध केले.

जपानी आकड्याचा अर्थ साध्या त्रैराशिकाने लक्षात येईल. दिवसाला ६०,००० लिटर मद्यार्क करावयाचे असेल, तर या हिशेबाने १ लाख लिटरची नळकांडी पुरतात. जुन्या पद्धतीत भरणे, किण्वन व धुणे मिळून ३६ तासांचा फेरा आणि ८ टक्के मद्यार्क धरला, तर त्याच कामाला सुमारे ११ लाख लिटरच्या टाक्या लागतील. अकरा टाक्यांचे काम एका टाकीत होत असताना कारखानदार ते का स्वीकारीत नाहीत, असा प्रश्न विज्ञानाच्या विद्यार्थ्याला पडला तर त्यात नवल नाही.

प्रयोगशाळा आणि कारखाना

पहिले उत्तर तंत्राच्या अंगाचे आहे. प्रयोगशाळेतील बहुसंख्य प्रयोग स्वच्छ ग्लुकोजवर होतात. कारखान्यात मळी असते. मळीत गाळ असतो, क्षार असतात. फॉस्फेटसारखे क्षार मण्यांतील कॅल्शियम ओढून घेतात आणि मणी मऊ पडून विरघळू लागतात. मण्याच्या पोटात तयार होणारा वायू बाहेर पडताना त्याला तडे पाडतो. मण्याच्या गाभ्यातील पेशींपर्यंत साखर पुरेशी पोहोचत नाही. त्या उपाशी राहतात. पृष्ठभागावरील पेशी वाढून बाहेर निसटतात. गाळ नळकांड्यात साठून वाट अडते. शिवाय सलग चालणाऱ्या व्यवस्थेत दुग्धाम्ल तयार करणारे जिवाणू एकदा शिरले, की टाकी धुऊन नवी सुरुवात करण्याची सोय सहज उरत नाही. धान्याच्या मद्यार्काची अडचण तर याहून मोठी, कारण मक्याच्या भरडीच्या घोळात घन पदार्थच पुष्कळ असतो. अलीकडे देशातील इथेनॉलमध्ये मक्याचा वाटा झपाट्याने वाढला आहे, ही गोष्ट येथे विसरून चालणार नाही.

या अडचणी खऱ्या आहेत. पण त्या असाध्य नव्हत्या, हे जपानी प्रयोगानेच दाखविले आहे. म्हणून दुसरे, अर्थशास्त्रीय उत्तर अधिक महत्त्वाचे ठरते. कोणतेही तंत्र एखाद्या दुर्मिळ साधनाची बचत करीत असते. ते साधन जेथे खरोखर महाग असेल तेथे तंत्र टिकते. जेथे ते स्वस्त असेल तेथे तंत्र कितीही कुशल असले तरी कपाटात पडून राहते. जखडलेले यीस्ट प्रामुख्याने वाचविते ती टाकीची जागा आणि वेळ. आसवनीच्या खर्चात या दोहोंचा वाटा किती?

उदाहरणादाखल काही आकडे घेऊ. एक टन सी प्रकारच्या, म्हणजे अखेरच्या मळीपासून ढोबळ मानाने २२५ लिटर मद्यार्क मिळते. मळीचा भाव टनाला १०,००० रुपये धरला, तर लिटरमागे सुमारे ४४ रुपये मळीतच जातात. आता वाचणाऱ्या १० लाख लिटरच्या टाक्यांची किंमत पाच कोटी रुपये धरू. वीस वर्षांची मुदत आणि दहा टक्के व्याज लावले, तर वर्षाचा भार होतो सुमारे ५९ लाख रुपये. दिवसाला ६०,००० लिटरची आसवनी वर्षातून २७० दिवस चालली, तर १ कोटी ६२ लाख लिटर मद्यार्क होईल. म्हणजे लिटरमागे बचत ३६ पैशांची. एकीकडे ४४ रुपये आणि दुसरीकडे ३६ पैसे! त्यातून अल्जिनेट, कॅल्शियम क्लोराइड, मणी बनविण्याची यंत्रणा आणि काही महिन्यांनी मणी बदलण्याचा खर्च वजा जावयाचा. शिवाय जुन्या आसवनीत टाक्या उभ्याच आहेत. त्यांवरचा खर्च होऊन गेलेला आहे. अशा स्थितीत व्यवस्थापकाने नव्या तंत्राकडे पाठ फिरविली, तर त्याला प्रतिगामी म्हणता येणार नाही.

जेथे तंत्र जिंकले

हे तंत्र मुळातच निष्फळ होते, असा मात्र याचा अर्थ नव्हे. अमेरिकेत १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून मक्याच्या पिठापासून गोड पाक करण्यासाठी ग्लुकोज आयसोमरेज हे विकर स्थिर करून वापरले जाऊ लागले. १९७४ मध्ये साखरेचे जागतिक भाव भडकले, १९८२ मध्ये अमेरिकेने साखर आयातीवर कोटा लादून देशातील भाव चढे ठेवले, आणि १९८४ च्या अखेरीस तेथील दोन्ही बड्या शीतपेय कंपन्यांनी साखरेऐवजी पूर्णतः हा पाक वापरण्यास मुभा दिली. अमेरिकेला साखर विकणाऱ्या देशांची बाजारपेठ आक्रसली. फिलिपीन्समधील नेग्रोस या ऊसप्रधान बेटावर १९८० च्या दशकाच्या मध्यास जी उपासमार ओढवली, तिच्यामागे तेथील मक्तेदारी, जागतिक मंदी अशी कारणे होती. पण आक्रसलेली ही बाजारपेठही त्यांत होती. नळकांड्यात बसविलेल्या विकराचे परिणाम हजारो मैलांवरच्या ऊसतोडणी कामगाराच्या ताटापर्यंत पोहोचू शकतात, याचे याहून बोलके उदाहरण सापडणार नाही.

मग तेच तत्त्व विकराच्या बाबतीत यशस्वी आणि यीस्टच्या बाबतीत मागे का पडले? कारण उघड आहे. विकर महाग असते, ते स्वतः वाढत नाही, त्याची क्रिया एकाच पायरीची असते, तीत वायू निघत नाही, आणि त्याला दिला जाणारा पाक आधी गाळून स्वच्छ केलेला असतो. यीस्ट स्वस्त असते, आपोआप वाढते, वायू सोडते आणि तिच्या वाट्याला मळीसारखा गढूळ माल येतो. सोने तिजोरीत ठेवणे शहाणपणाचे असते. त्याच तिजोरीत कोळसा कोणी ठेवीत नाही. बीअरच्या बाबतीतही हाच नियम दिसतो. बीअर मुरविण्यास आठवडे लागतात व तेवढा काळ थंड टाक्या अडकून पडतात. तेथे वेळ महाग असल्याने फिनलंडमध्ये १९९० च्या दशकात स्थिर केलेल्या यीस्टचा वापर करून हा काळ काही तासांवर आणण्यात आला.

ब्राझीलचा साधा मार्ग

यीस्ट वाया घालवू नये, हे तत्त्व मळीच्या मद्यार्कालाही लागू पडतेच. ब्राझीलने ते दुसऱ्या वाटेने साधले. १४ नोव्हेंबर १९७५ रोजी त्या देशाने आपला राष्ट्रीय मद्यार्क कार्यक्रम जाहीर केला. तेथील बहुतेक कारखान्यांनी फ्रान्समध्ये १९३० च्या दशकात विकसित झालेली मेल-ब्वानो ही पद्धत अंगीकारली. किण्वन संपले की, मलई काढण्याच्या यंत्रासारख्या फिरत्या यंत्राने यीस्ट वेगळे करावयाचे, सौम्य गंधकाम्लाने धुऊन त्यातील जिवाणू मारावयाचे आणि तेच यीस्ट पुन्हा टाकीत सोडावयाचे. नव्वद टक्क्यांहून अधिक यीस्ट असे परत वापरले जाते. टाकीत यीस्टची दाटी असल्याने किण्वन सहा ते दहा तासांत आटोपते आणि यीस्टच्या नव्या वाढीवर खर्च होणारी साखर वाचते. हे झाले विरजणाचेच औद्योगिक रूप. महाराष्ट्रातील अनेक आसवन्यांनीही यीस्टच्या पुनर्वापराच्या व सलग किण्वनाच्या पद्धती पुढे स्वीकारल्या आहेत.

या बचतीचे मोल लहान नाही. वर घेतलेल्या आसवनीचा उतारा त्याच मळीतून केवळ दोन टक्क्यांनी वाढला, तर वर्षाला ३ लाख २४ हजार लिटर मद्यार्क अधिक मिळेल. सी प्रकारच्या मळीपासूनच्या इथेनॉलला २०२४-२५ च्या पुरवठा वर्षासाठी केंद्राने लिटरला ५७ रुपये ९७ पैसे भाव दिला होता. त्या भावाने ही रक्कम सुमारे १ कोटी ८८ लाख रुपये होते. टाक्यांच्या बचतीच्या ती तिपटीहून अधिक आहे. साखर वाचविणारे तंत्र आणि जागा वाचविणारे तंत्र यांत आसवनीने कशाची निवड करावी, हे एवढ्यावरून स्पष्ट व्हावे.

मग आपल्याकडे याकडे लक्ष जाण्यास इतका विलंब का झाला? त्याचे एक कारण सरकारी धोरणात आहे. १९६१ च्या मळी नियंत्रण आदेशाने मळीचा भाव व वाटप दीर्घकाळ सरकारच्या हाती ठेवले. ज्या वस्तूचा भाव हुकमाने नगण्य ठेवला जातो, तिची उधळपट्टी होणे अपरिहार्य असते. जपानमध्ये १९८२ मध्ये मळीचा थेंब न् थेंब मोजला जात होता, तेव्हा आपल्याकडे ती साठविण्याचीच पंचाईत होती. हे नियंत्रण १९९३ मध्ये उठले. पुढे इंधनाची मागणी आली आणि मळीला खरा भाव आला. उताऱ्याच्या एका टक्क्याला अर्थ प्राप्त झाला तो तेव्हापासून.

प्रश्न नेमका विचारावा

महाराष्ट्रातील आसवनीला आज टंचाई आहे ती साखरेची, वाफेची आणि सांडपाणी जिरविण्याच्या जागेची. डिसेंबर २०२३ मध्ये साखरेच्या तुटवड्याच्या भीतीने केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध घातले, तेव्हा नव्याने कोट्यवधींची कर्जे काढून उभारलेल्या प्रकल्पांचे काय झाले, हे कारखान्यांच्या संचालकांना सांगावयास नको. ऑगस्ट २०२४ मध्ये पुढील वर्षासाठी ते निर्बंध उठले, तरी कच्च्या मालाची अनिश्चितता संपली नाही. एक लिटर मद्यार्कामागे ८ ते १५ लिटर सांडपाणी निघते. ते आटविण्यास व जाळण्यास इंधन लागते. किण्वनाच्या द्रवात मद्यार्काचे प्रमाण जितके अधिक, तितकी वाफ कमी आणि सांडपाणीही कमी. जखडलेल्या यीस्टने हे प्रमाण आपोआप वाढत नाही. म्हणून उष्णता व मद्यार्क अधिक सोसणाऱ्या यीस्टच्या जाती शोधणे हे संशोधन वरवर कमी चमकदार असले, तरी ऊस उत्पादकाच्या दृष्टीने अधिक मोलाचे आहे.

मण्यांचे दिवस संपले, असेही म्हणणे घाईचे होईल. पेंढा, पाचट यांपासून मद्यार्क करण्याचे प्रयत्न आता सुरू झाले आहेत. पानिपत येथे भाताच्या पेंढ्यापासून दिवसाला १ लाख लिटर इथेनॉल करण्याच्या क्षमतेचा प्रकल्प ऑगस्ट २०२२ मध्ये राष्ट्राला अर्पण करण्यात आला. पेंढ्याच्या विघटनातून यीस्टला मारक ठरणारी रसायने निर्माण होतात, आणि त्यात टिकणाऱ्या खास जाती महाग असतात. मण्यात बंदिस्त असलेली पेशी अशा विषारी वातावरणात अधिक तग धरते, असे प्रयोगांत दिसले आहे. पेशी महाग आणि परिस्थिती प्रतिकूल झाली, की विकराला लागू पडलेला हिशेब यीस्टलाही लागू पडू शकेल.

तेव्हा या तंत्राची भलावण किंवा हेटाळणी करण्यापेक्षा त्याला नेमके प्रश्न विचारणे हिताचे. ते कशाची बचत करते? ती वस्तू आपल्याकडे महाग आहे काय? प्रयोग स्वच्छ ग्लुकोजवर झाला की आपल्याच कारखान्याच्या मळीवर? तो आठवडाभर चालला की संपूर्ण हंगाम? मणी बदलण्याचा खर्च हिशेबात धरला आहे काय? १९५० च्या सुमारास प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी साखर कारखान्याचा पाया घातला, तेव्हा शेतकऱ्याची जिद्द आणि अर्थशास्त्रज्ञाचा हिशेब एकत्र आले होते. १९७५ मध्ये स्थापन झालेली आणि आज वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट या नावाने ओळखली जाणारी मांजरीची संस्था कारखान्यांनीच उभी केली आहे. एखाद्या आसवनीत लहानसे नळकांडे संपूर्ण हंगामभर मळीवर चालवून त्याचे आकडे, यश असो वा अपयश, सर्व सभासदांपुढे मांडणे अशा संस्थांना अवघड नाही. यंत्रविक्रेत्याच्या रंगीत पत्रकावर विसंबून कर्ज काढण्यापेक्षा ते पुष्कळ स्वस्त पडेल.

वार्षिक सभेत अहवाल वाचला जातो तेव्हा गाळप किती झाले आणि भाव किती मिळाला, हे दोन प्रश्न सभासद हमखास विचारतात. एक टन मळीमागे किती लिटर मद्यार्क निघाले, आणि गतवर्षापेक्षा ते कमी की अधिक, हा तिसरा प्रश्नही त्यांनी विचारावयास हवा. त्या प्रश्नाचे उत्तर द्यावे लागेल, असे व्यवस्थापनाला ठाऊक झाले, तर यीस्ट मण्यात जखडावे, यंत्राने गाळून परत वापरावे की मोकळे सोडावे, याचा निर्णय योग्य तऱ्हेने घेतला जाईल.